साथीचे दिवस व मोबाईलवरील लिखाण

गेल्या सत्रांत दहावीच्या वर्गांत पत्रलेखनाचा तास चालूं असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर आम्हांस त्या तासांत देतां आलें नाहीं. पत्र लिहावयास बसण्यापूर्वीं तें कोणास लिहावयाचें हें ठरवावें लागतें, असें आम्ही सांगत होतों. तोंच तो म्हणाला, "सर, कोरोनाच्या वेळीं अंबाजोगाईच्या दवाखान्यांतून एकाच गाडींत बावीस प्रेतें नेलीं, त्याचे फोटो लोकांनीं मोबाईलवर टाकले. टाकणारांनीं चांगलें केलें कीं वाईट?" वर्गांत लागलीच दोन तट पडले. कांहींचें म्हणणें, मेलेल्या माणसाचें चित्र असें चव्हाट्यावर मांडणें हा निर्दयपणा होय. कांहींचें म्हणणें, चित्र निघालें नसतें तर कोणास कळलेंच नसतें. इतक्यांत घंटा झाली. तें राहिलेलें उत्तर आज वार्षिकाच्या पानांत देण्याचें योजिलें आहे. पालकांनींही तें वाचावें अशी विनंती आहे. कारण ज्या चुका पुढें सांगावयाच्या आहेत त्या बहुतेक मोठ्या माणसांच्या आहेत, आणि त्यांतील एक आमची स्वतःची आहे.

विद्यार्थीमित्रांनो, त्या वेळीं तुम्ही प्राथमिक शाळेंत होतां, म्हणून घडलेली हकीकत प्रथम थोडक्यांत सांगतों. सन २०२१ च्या एप्रिलांत कोरोनाची दुसरी लाट आपल्या जिल्ह्यावर आली. अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय हा आसपासच्या अनेक तालुक्यांचा आधार. रुग्णांची तेथें रीघ लागली. त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यांत आठ देह एकाच चितेवर ठेवून अग्नि देण्याची पाळी आली. नेहमींच्या जागेस रहिवाशांनीं हरकत घेतल्यामुळें गांवाबाहेर दुसरी जागा पाहावी लागली होती, व ती अपुरी पडली. पुढें २५ एप्रिल रोजीं, रविवारीं, रुग्णालयांतून बावीस देह एकाच रुग्णवाहिकेंत एकावर एक रचून स्मशानांत नेण्यांत आले. रुग्णवाहिका दोनच आहेत, आणखी मागितल्या होत्या त्या मिळाल्या नाहींत, असें रुग्णालयाच्या प्रमुखांनीं सांगितलें. तेथें उभ्या असलेल्या नातेवाइकांनीं चित्रें घेतलीं. पोलिसांनीं आपले मोबाईल काढून घेतले व अंत्यविधि उरकल्यावर परत दिले, अशी त्यांची तक्रार होती. तरी चित्रें बाहेर पडलीं, देशभर पसरलीं, आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं चौकशीचा हुकूम केला.

एवढें ध्यानांत ठेवून आपण एक वर्ष मागें जाऊं.

कोरोना महाराष्ट्रांत आला तो २०२० च्या मार्चांत. पण त्याच्याविषयींचे निरोप त्याच्या आधींच येऊन पोंचले होते. कोंबडी खाल्ल्यानें हा रोग होतो, असा एक निरोप फेब्रुवारीपासून मोबाईलवर फिरूं लागला. त्यास कसलाही आधार नव्हता. तरी कुक्कुटपालकांनीं कर्ज काढून वाढविलेले पक्षी मातीमोलानें विकले, कित्येकांनीं फुकट वाटले. तो निरोप ज्यानें प्रथम लिहिला त्याच्या मनांत कोणाचें वाईट करावें असें असेल, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. आपणांस इतरांच्या आधीं कळलें, हें दाखविण्याची हौस मात्र असावी.

मग टाळेबंदी आली. आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षीं लक्षावधि माणसें कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, हें तुम्हांस सांगावयास नको. तुमच्यापैकीं कित्येकांचीं घरें तीं. तीं माणसें कारखान्यांवर अडकून पडलीं. एप्रिलांत राज्य शासनानें त्यांस गांवीं परतण्याची परवानगी दिली. तीं निघालीं, आणि त्यांच्या आधीं त्यांच्याविषयींचे निरोप गांवांत येऊन बसले: अमक्या मुकादमाची टोळी निघाली आहे, तमक्या वाटेनें येत आहे, वेशीवर काट्या टाका. ज्यांच्या मोबाईलवर हे निरोप पडले त्यांत त्याच टोळींतल्या माणसांचे म्हातारे आईबापही होते. दिवाळीनंतर गेलेल्या लेकाची सहा महिने वाट पाहिलेल्या आईनें तें वाचलें असेल, किंवा कोणा नातवानें तिला वाचून दाखविलें असेल.

आतां आमची गोष्ट. त्याच वर्षाच्या जुलईंत आमच्या गांवीं रुग्ण सांपडूं लागले. तपासणींत ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह येई त्यांच्या याद्या कोठून तरी फुटत. नांव, वय, गल्ली, कधीं कधीं मोबाईलचा नंबरसुद्धां त्यांत असे. अशी एक यादी एका संध्याकाळीं आमच्याकडे आली. सात नांवें होतीं. आम्हीं ती वाचली व वाचून होतांच तीन समूहांत पुढें धाडली. वर स्वतःच्या हातानें "सर्वांनीं काळजी घ्यावी" असें लिहिलें आणि जोडलेल्या हातांचें चिन्ह टाकलें. हेतु वाईट नव्हता. किंबहुना आपण शिक्षक आहों, लोकांस सावध करणें आपलें काम आहे, असें एक समाधानच वाटलें. यादींतलें चौथें नांव आमच्याच शाळेंतील एका मुलीच्या वडिलांचें आहे, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं. कारण आम्हीं त्या यादींत माणसें पाहिलींच नव्हतीं, आंकडा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या घरचें दूध बंद झालें. हापशावर मुलीच्या आईला बायांनीं सांगितलें, तुमची घागर लांब ठेवा, सर्वांचें झाल्यावर भरा. मुलीच्या चुलत्याचें किराणा दुकान होतें; त्या घरांत कोणी आजारी नसतां गिऱ्हाईक येईना म्हणून तें तीन आठवडे बंद राहिलें. मुलीच्या मोबाईलवर वर्गांतल्याच कोणी तिच्या वडिलांचें नांव व त्यापुढें हसऱ्या तोंडाचें चिन्ह एवढेंच पाठविलें. वडील बारा दिवसांनीं बरे होऊन घरीं आले. यादी त्यानंतरही महिनाभर फिरत होती.

त्या घराच्या पलीकडे एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना ताप आला. शेजारच्या घराचें काय झालें तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांनीं ताप लपविला. सहाव्या दिवशीं धाप लागली तेव्हां मुलांनीं त्यांस दवाखान्यांत नेलें. तेथून ते परत आले नाहींत. आधीं गेले असते तर वांचले असते असें कोणताही डॉक्टर छातीठोकपणें सांगणार नाहीं, व आम्हीही सांगत नाहीं. पण ते आधीं कां गेले नाहींत, हें आमच्या गल्लींत सर्वांस ठाऊक आहे.

येथें या रोगाविषयीं थोडें समजून घेतलें पाहिजे. कोरोनांत पुष्कळ रुग्णांचीं फुप्फुसें बिघडूं लागलीं तरी त्यांस पहिल्यानें धाप लागत नसे. रक्तांतील प्राणवायु हळूहळू उतरत जाई, आणि रुग्ण मात्र बोलतचालत असे. म्हणून बोटास लावावयाचें तें चिमट्याएवढें यंत्र, ऑक्सिमीटर, त्या दिवसांत घरोघर आलें. त्यावरील आंकडा ९४ च्या खालीं गेला तर थांबूं नये, दवाखाना गांठावा, असें सांगत. अशा रोगांत एकेक दिवसाला मोल असतें. दुसरें असें, कीं रुग्ण कोणाकोणास भेटला हें त्यानें मोकळेपणानें सांगितल्याविना आरोग्यसेवकांस पुढची साखळी सांपडत नाहीं. आपलें नांव उद्यां गांवभर होणार अशी ज्यास भीति आहे तो तपासणीस जात नाहीं. गेलाच तर भेटलेल्यांचीं नांवें सांगत नाहीं. लोकांस सावध करण्याकरितां फिरविलेल्या यादीनें अशा रीतीनें रोग दिसेनासा होतो आणि लोक अधिकच बेसावध राहतात. याच कारणास्तव केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें ८ एप्रिल २०२० रोजींच एक सूचना काढून, बाधितांचीं व विलगीकरणांत असलेल्यांचीं नांवें किंवा त्यांची वस्ती समाजमाध्यमांवर पसरवूं नये, असें बजावलें होतें. ती सूचना आमच्या वाचनांत आली नव्हती. यादी मात्र आली होती.

आम्हीं पुष्कळ दिवस स्वतःची अशी समजूत घातली, कीं आपण खोटें तर कांहीं लिहिलें नाहीं. दहा आज्ञांतील नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करते; आणि यादींतलीं सातही नांवें खरीं होतीं! शाळेंत आम्ही अफवांविषयीं शिकवितों तेव्हां खरें कीं खोटें एवढाच प्रश्न मुलांपुढें ठेवतों, आणि तेथेंच थांबतों. कोंबडीच्या निरोपास तो प्रश्न पुरतो. यादीस तो पुरत नाहीं. कारण तेथें विचारावयाचें असतें तें हें, कीं ही गोष्ट खरी असली तरी ती सांगण्याचा अधिकार कोणाचा.

हे निरोप किती वेगानें वाढतात हें गणिताच्या तासास घेण्याजोगें उदाहरण आहे. त्या काळीं व्हॉट्सॲपच्या एका समूहांत जास्तींत जास्त २५६ माणसें असत, व एक निरोप एका वेळीं पांच ठिकाणीं पुढें धाडतां येई. पांचही समूह भरलेले धरले व पाठविणारा स्वतः वगळला, तर १,२७५ जणांपर्यंत तो जातो. त्यांपैकीं शंभरांत एकानेंच, म्हणजे बारा जणांनींच, तसेंच केलें तर १५,३००. त्यांतही शंभरांत एक, म्हणजे १५३ जणांनीं पुढें ढकलला, तर १,९५,०७५. बीड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत दीड लाखाच्या आंतच होती. एकच मनुष्य अनेक समूहांत असतो, म्हणून प्रत्यक्षांत आंकडा पुष्कळ लहान होईल हें खरें. परंतु तीन पायऱ्यांत मजल कोठवर जाते तें दिसून येतें. पांच किंवा अधिक वेळां पुढें गेलेला निरोप यापुढें एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल, असा निर्बंध कंपनीनें एप्रिल २०२० मध्यें घातला, आणि त्यामुळें असे निरोप सत्तर टक्क्यांनीं घटले असें तिनेंच सांगितलें. धाडलेला निरोप सर्वांच्या मोबाईलवरून पुसण्याची सोय तेव्हां होती, पण ती तासाभरापुरती. आणि तीही आपण धाडलेल्या प्रतीची. दुसऱ्यानें पुढें नेलेली प्रत आपल्या पुसण्यानें पुसली जात नाहीं. आम्हांस आपली चूक कळली ती चौथ्या दिवशीं.

दुसऱ्याच्या दुःखावर पाय देण्यास नेहमीं यादीच लागते असें नाहीं. एखादा प्रश्नही पुरतो. ८ मे २०२० रोजीं पहाटे, शेजारच्या जिल्ह्यांत करमाडजवळ, जालन्याहून पायीं निघालेले मध्य प्रदेशांतील मजूर थकून रेल्वेच्या रुळांवरच झोपले होते. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाडी मात्र आली, आणि सोळा जण मेले. त्यांनीं बरोबर घेतलेल्या चपात्या रुळांवर विखुरल्या होत्या, त्यांचें चित्र साऱ्या देशानें पाहिलें. त्याच दिवशीं आमच्या ओळखीच्या, एरव्हीं मायाळू म्हणून समजल्या जाणाऱ्या माणसांनींही मोबाईलवर लिहिलें: "रुळावर कोणी झोपतें का?" त्याच समूहांत, त्याच्या वर व खालीं, टाळेबंदींत घरीं जमलेल्या जिलब्यांचीं व केकचीं चित्रें होतीं. जिलबी करणें हा गुन्हा नव्हे, आणि मुलांनीं घरांत कोंडून घेतलें असतां त्यांना गोडधोड करून घालणाऱ्या आईस आम्ही दोष देणार नाहीं. परंतु जिलब्यांच्या दोन चित्रांमध्यें बसून मेलेल्या मजुरास शहाणपण शिकविणें, हें लिहिणाऱ्यास खटकलें कसें नाहीं याचें आम्हांस आजही नवल वाटतें. समोर त्या मजुराची बायको बसली असती तर त्यानें तो प्रश्न विचारला नसता. मोबाईलवर समोर कोणी दिसत नाहीं.

मग साथीच्या दिवसांत मनुष्यानें तोंडच उघडूं नये काय? तसें नाहीं. मात्र जाहीर बोलणाऱ्यानें स्वतःवर काय घ्यावें लागतें, याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. सन १८९७ मध्यें पुण्यांत प्लेग होता. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्या हुकमानें गोरे सोल्जर घरोघर शिरून रुग्ण शोधीत. त्यांच्या उद्दाम वर्तनाविषयीं तक्रारी पुष्कळ होत्या, व त्या साऱ्याच निराधार होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेंत होते. पुण्याहून त्यांस मित्रांचीं पत्रें गेलीं. सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीनें जीव दिला, अशी हकीकत त्यांत होती. गोखल्यांनीं ती 'मँचेस्टर गार्डियन' या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली. सरकारनें पुरावा मागितला. स्वदेशीं परतल्यावर गोखल्यांनीं पुष्कळ खटपट केली. पण पत्र लिहिणारांपैकीं कोणी पुढें होऊन ती गोष्ट सिद्ध करून देईना. मित्रांचीं नांवें सांगून त्यांस मोकळें होतां आलें असतें. तीं त्यांनीं सांगितलीं नाहींत. ऑगस्ट १८९७ मध्यें त्यांनीं सोल्जरांची व गव्हर्नरांची जाहीर माफी मागितली, आणि त्यापायीं स्वकीयांचींच बोलणीं खाल्लीं. तेव्हां त्यांचें वय अवघें एकतीस होतें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर गोखल्यांनीं आलेला निरोप पुढें धाडला होता. पण "जसें आलें तसें पाठविलें" असें खालीं लिहून हात झटकण्याची जी रीत आज पडली आहे, ती त्यांनीं पत्करली नाहीं.

त्याच १८९७ च्या फेब्रुवारींत, प्लेगच्याच निमित्तानें, साथरोगांचा कायदा झाला. त्या जुन्या कायद्याखालीं महाराष्ट्र शासनानें १४ मार्च २०२० रोजीं नियम काढले, आणि खात्री करून न घेतां कोरोनाविषयीं चुकीची माहिती पसरविण्यास मनाई केली. असा नियम असावा हें योग्यच. परंतु त्याची दुसरी धार तक्रार करणाऱ्याच्या गळ्यावर येऊं शकते, आणि दुसऱ्या लाटेंत ती भीति खरी होती. अंबाजोगाईच्या त्या रविवारानंतर पांचव्या दिवशीं, ३० एप्रिल २०२१ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें बजावलें, कीं प्राणवायु, खाट, औषध यांची अडचण समाजमाध्यमांवर मांडणाऱ्या नागरिकावर खोट्या माहितीचा आरोप ठेवून त्याचें तोंड बंद केलें, तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. अंबाजोगाईस चित्रें घेणारे वाटेनें जाणारे बघे नव्हते. ते मृतांचे नातलग होते. त्यांच्या दुःखाविषयीं बोलण्याचा अधिकार जर कोणास असेल तर तो त्यांसच. पिशवींत बांधलेल्या देहास चेहरा नसतो. त्या चित्रानें कोणाचें घर उघडें पडलें नाहीं, उघडी पडली ती गाड्यांची वाण. आणि ज्यांच्या हातीं गाड्या देणें होतें त्यांस उद्देशून तें चित्र होतें. म्हणजे पत्रावर पत्ता होता. आमच्या मतें त्यांनीं वाईट केलें नाहीं. मात्र तेंच चित्र कोणी दूरच्या मनुष्यानें, वर करुण गाणें जोडून व खालीं रडक्या तोंडाचें चिन्ह लावून, जेवणानंतरच्या विरंगुळ्यांत दहा ठिकाणीं धाडलें, तर तें तो कोणास लिहितो? त्यास विचारलें तर सांगतां यावयाचें नाहीं.

हा भेद नेहमीं इतका स्पष्ट असतो असें मात्र समजूं नका. दुसऱ्या लाटेंत आमच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीस आपले वडील गेल्याचें कळलें तें नातलगांच्या समूहावरील "भावपूर्ण श्रद्धांजलि" या दोन शब्दांवरून. खालीं वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. ती त्या क्षणीं दवाखान्याच्या फाटकाशीं वडिलांचा डबा हातांत घेऊन उभी होती. निरोप खरा होता, लिहिणारा घरचाच होता, आणि त्याचें मन खरोखर भरून आलें होतें. त्यानें अर्धा तास थांबून एक फोन केला असता तर बरें झालें असतें, यापलीकडे त्याच्याविषयीं आम्हांस कांहीं बोलतां येत नाहीं.

त्या यादींतल्या मुलीच्या घरीं आम्ही गेलों तें फार उशिरां, शाळा पुन्हां सुरू झाल्यावर. मुलगी शाळेंत आली नव्हती. तिला मामाच्या गांवीं ठेविलें होतें. आईनें ओट्यावर खुर्ची दिली. यादी आम्हीं धाडली होती हें कसें सांगावें याची जुळवाजुळव मनांत चालली होती, तोंच ती म्हणाली, "ठाव हाय की सर. यादीच्या वर तुमचंच नाव व्हतं. तुम्ही धाडली म्हणून तर लोकायला खरी वाटली." एवढें बोलून ती आंत गेली व तिनें चहा ठेविला. आम्हीं तो घेतला. मुलीनें पुढें मामाकडे राहूनच दहावी केली असें ऐकतों.